ऑर्विलचा डावा हात

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे. भिंतीला पाठ लावून उभा राहणारा, साधा. ओहायो नदीकाठच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पुढे बरीच वर्षे मी केंटकीच्या डोंगरातल्या पायनी फोर्क गावच्या चर्चमध्ये होतो. तिथे नवा ऑर्गन आला आणि मी कोळशाच्या ट्रकमधून टॅकेट कुटुंबाच्या घरी आलो. धाकटा ऑर्विल तेव्हा नऊ वर्षांचा होता.

त्याचा उजवा हात चांगला होता, पण डावा वेगळाच होता. माझ्या खर्जाच्या पट्ट्यांवर तो असा चालायचा, की बाहेर शेंगा सोलत बसलेली त्याची आई नकळत पायाने ताल धरायची.

बाविसाव्या वर्षी ऑर्विल नॅशव्हिलला गेला. तिथे मोठ्या गायकांच्या गाण्यांच्या तबकड्या निघत, त्यांच्यामागे स्टुडिओत पियानो वाजवायचे काम त्याला मिळाले. पहिल्याच दिवशी बेस वाजवणारा म्हातारा त्याला म्हणाला, "पोरा, खर्ज माझा. तू तो डावा हात मांडीखाली घालून बस."

सगळे हसले. ऑर्विल खरोखरच हातावर बसला. म्हाताऱ्याचे चुकले नव्हते. दोघेही खर्जात शिरले की तबकडीवर नुसता गोंधळ ऐकू येतो. पण त्यामुळे अडतीस वर्षे त्याने जवळजवळ एकाच हाताने नोकरी केली. शेकडो गाण्यांत तो आहे. वेष्टनावर नाव मात्र कुठेच नाही.

बायको मॅव्हिस आणि मुलगी लोरीन गावातच राहायच्या. महिन्याकाठी तो घरी आला, की कोट काढायच्या आधी माझ्यापुढे बसायचा, आणि मग दोन्ही हात मोकळे सुटायचे.

"डॅडी, हा हात रेडिओवर का नाही वाजत?" लहानगी लोरीन विचारायची.

"रेडिओवर त्याला सुट्टी असते. आळशी आहे तो."

मला सुरात लावून घ्यावे, असे मॅव्हिस दर वर्षी म्हणायची. तो म्हणे, "महिनाभर लावलेलेच पियानो ऐकतो गं. हा जरा उतरलेला बरा वाटतो. घरी आल्यासारखं वाटतं." मलाही त्याचे कौतुक वाटायचे. आता वाटते, तेव्हाच मी एखादी तार तोडून घ्यायला हवी होती, म्हणजे सूर लावणाऱ्याला बोलवावेच लागले असते.

मॅव्हिस वारली. लोरीन नोकरीसाठी लेक्सिंग्टनला गेली. ऑर्विलचे येणे कमी झाले. माझे झाकण मिटले आणि वर जुनी वर्तमानपत्रे साठत गेली.

साठाव्या वर्षी पक्षाघाताने त्याचा उजवा हात गेला. लोरीन नोकरी सोडून त्याला गावी घेऊन आली. तो दिवसभर खिडकीशी बसे, फारसा बोलत नसे. एका दुपारी तिने त्याची एक जुनी तबकडी लावली आणि माझ्यावरचा कागदांचा ढीग उचलला.

"डॅडी, उजवा हात या तबकडीत आहे. डावा तुमच्याकडे आहे. चला, बसा."

कित्येक महिन्यांनी तो हसला. "अगं, तो बेसवाला कबरीतून उठून येईल."

"येऊ देत. कॉफी देईन त्यांना."

त्याने पहिला सूर दाबला आणि लगेच हात उचलला. माझ्या तारा इतक्या उतरल्या होत्या, की माझा सूर तबकडीच्या सुराशी कुठेच जुळेना. शेजारची पट्टी दाबूनही जमेना. मी दोन सुरांच्या मधेच कुठेतरी लोंबकळत होतो.

"याचा दोष नाही," तो म्हणाला. "मीच लावून घेतला नाही."

लोरीनने प्रुइट नावाच्या सूर लावणाऱ्याला बोलावले. त्याने माझे पोट उघडून पाहिले. "एकदम ताणल्या तर तुटतील. तीन खेपा लागतील, दोन-दोन आठवड्यांनी."

"लवकर नाही का होणार?"

"बाई, जुन्या तारा आहेत. चाबूक मारून पळत नाहीत."

दोन खेपा झाल्या. ऑर्विल रोज सकाळी वार विचारू लागला. मांडीवर डाव्या हाताची बोटे चालवू लागला. तिसरी खेप मंगळवारी होती. त्याआधीच्या गुरुवारी तो गेला.

प्रुइटला कुणी कळवले नव्हते. मंगळवारी तो दारात आला, काय झाले ते कळल्यावर त्याने टोपी काढली. "मी जातो परत."

"नको," लोरीन म्हणाली. "लावा."

दोन तासांनी मी पूर्ण सुरात आलो. प्रुइट निघून गेल्यावर तिने तीच तबकडी लावली. तिला पियानो येत नव्हता. पण ज्या पट्टीवर ऑर्विलने हात ठेवला होता, ती तिने एका बोटाने दाबली. सूर तंतोतंत जुळला. उरलेले गाणे ती माझ्यापुढे नुसती बसून राहिली.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचे प्रेम आहे, त्याच्याकडे प्रेमाच्याच भरवशावर दुर्लक्ष करू नका. घरातले वाद्य असो की माणूस, 'पुढच्या वर्षी बघू' असे म्हणू नका. लोरीन आता मला दर सहा महिन्यांनी लावून घेते. एकदाही चुकवत नाही. मी अगदी सुरात आहे, आणि मला वाजवणारे या घरात कुणी नाही.