आमचीच बाई

"दुसरं बोट दाखवा," मतदान केंद्रावरचा कारकून म्हणाला.

हिराने दुसरं बोट पुढे केलं. तेही काळंच होतं. मग त्याने तिचा पंजा पालथा करून बघितला. पेरं, नखं, नखांच्या कडा, सगळं डांबरात बुडवून काढल्यासारखं. शाईत बुडवलेली काडी त्याच्या हातात तशीच राहिली.

"यावर शाई कशी दिसणार? आणि आधी एकदा मत देऊन आली नसेल कशावरून?"

भिंतीलगतच्या बाकावर उमेदवारांचे एजंट बसले होते. त्यातला महिपत हसला. एरवी तो काशीरामशेठच्या काजू कारखान्याचा मुकादम, आज शेठचा पोलिंग एजंट. "लावा हो साहेब कुटंपन. आमचीच बाई हाय ती. आमच्या टेंपोतनं आल्ये."

बैलाच्या पाठीवर थाप मारून माणसं असंच म्हणतात, हिराच्या मनात आलं.

लग्न होऊन ती या गावात आली तेव्हापासून पावसच्या रस्त्यावरच्या त्या कारखान्यात जात होती. नवरा मुंबईला खानावळीत, शिमग्याला तेवढा दिसायचा. भाजलेला काजू ठोकून फोडायचा आणि गर आख्खा काढायचा, हे तिचं काम. टरफलातलं तेल लागलं की कातडी आधी चरचरते, मग काळी पडते, मग सोलून निघते. बायका हाताला राख फासायच्या. घरी भात कालवताना मीठ झोंबलं की डोळ्यांत पाणी यायचं. त्याच हातांनी काढलेले पांढरेशुभ्र गर पत्र्याच्या डब्यांत भरून परदेशी जायचे.

मागच्या उन्हाळ्यात बायकांनी शेठकडे खोबरेल तेल आणि हातमोजे मागितले होते. शेठ म्हणाले, "बघू." मग गावात तेव्हाचे आमदार आलेत असं कळलं, म्हणून हिरा आणि तिच्या शेजारी बसून काजू फोडणारी तुळसा त्यांना गाठायला गेल्या. आमदारांची जीप शेठच्याच अंगणात उभी होती. आत पंगत बसली होती. सोलकढीची भांडी आत जाताना बघत दोघी पडवीच्या पायरीशी उभ्या राहिल्या. आमदार हात पुसत बाहेर आले, दोघींना नमस्कार केला आणि जीपमध्ये बसले. तोंड उघडायलाही सवड मिळाली नाही.

या पंच्याऐंशीच्या निवडणुकीला तर शेठ स्वतःच उभे होते. प्रचाराच्या शेवटी कारखान्याच्या आवारात त्यांनी सांगितलं, "मी कोणी परका नाही. तुमच्यातलाच आहे." महिपतने टाळ्या वाजवल्या म्हणून बायकांनीही वाजवल्या. हिरानेही वाजवल्या होत्या. ते आठवून आता तिला स्वतःचीच चीड आली.

"मनगटावर लावा," केंद्राध्यक्ष म्हणाले. काडी मनगटावर फिरली.

"सायेब," हिराने विचारलं, "मला उबं ऱ्हायाचं असंल तर कुटं सांगायचं?"

कारकून हसला. महिपत तर खो खो हसला. केंद्राध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी मतपत्रिका तेवढी पुढे सरकवली.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती चिन्हं बघत राहिली. एक शेठचं, एक आंब्याच्या मोठ्या बागायतदाराचं, एक शहरातल्या वकिलाचं. तिला ओळखणारा त्यात एकच होता, आणि तो मालक होता. तिने वकिलाच्या चिन्हावर शिक्का मारला, इतक्या जोराने की टेबल हललं.

शेठ निवडून आले. पेढे घेऊन कारखान्यात आले. बायका रांगेत उभ्या राहिल्या. काळ्या हाताला आपला हात लागू नये म्हणून शेठ प्रत्येकीच्या तळहातावर पेढा वरूनच सोडत होते. हिराने ते पाहिलं. तिचा नंबर आला तेव्हा तिने हात पुढे केलाच नाही.

"काय गो हिरे, त्वांड ग्वाड नाय करायचं?" महिपत म्हणाला.

"शेठ, तुमी आता आमदार झालात. मला मालकाची तक्रार करायची हाय. कुनाकडं करू?"

शेठ हसले. "कर की माझ्याकडे. ऐकतो."

"कोन म्हनून ऐकताव? मालक का आमदार?"

शेठचं हसू ओसरलं. "आमदार म्हणून."

"मंग मालकाला सांगा, बायकांच्या हाताला तेल द्या, मोजे द्या म्हनावं. त्यांच्या माडीवर माडी चडली नि आमच्या हाताला कातडी नाय ऱ्हायली. मी तुमाला मत दिलं नाय. पन ह्या समद्यांनी दिलंय. त्यांचं तरी ऐका."

शेठनी पेढ्यांचा पुडा महिपतच्या हातात दिला. "बघू," म्हणाले आणि ऑफिसात गेले.

दुसऱ्या दिवशी महिपत फाटकातच उभा होता. "तुला आत घ्यायचं नाय."

"कुनी सांगितलं? मालकानी का आमदारानी?"

महिपतने मान वळवली.

त्या कारखान्यात हिरा पुन्हा कधी कामाला गेली नाही. मोजे आले नाहीत, तेलही आलं नाही. पण त्या दिवशी ती घरीही गेली नाही. फाटकासमोर रस्त्याच्या कडेला ती बसून राहिली. कामावर येणाऱ्या बायका खाली मान घालून पुढून गेल्या. तुळसाही गेली. महिपतपेक्षा हिराला तुळसाचा राग जास्त आला.

दुपारी जेवणाची घंटा झाली. फाटक उघडलं. तुळसा फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन बाहेर आली.

"सरक गो जरा," एवढंच म्हणाली आणि हिराला टेकून बसली. मागून कारखान्यातलीच मैना आली. मग एकेक करत बाकीच्या आल्या. कडेला जागा पुरेना, तशा त्या रस्त्यावर, पार फाटकाच्या तोंडापर्यंत मांडी घालून बसल्या आणि गाठोडी सोडू लागल्या.

आतून शेठची गाडी आली. पुढे झेंडूचा हार बांधलेला होता. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला.

तुळसाने भाकरी मोडली, अर्धी हिराच्या हातावर ठेवली आणि भाकरीवर बोटाने चटणी पसरली.