सिंहासनाच्या दारातून

साखरेने माझा डावा पाय गुडघ्याखालून नेला तेव्हा नाटक कंपनीच्या मॅनेजरने दवाखान्यात फुलं पाठवली. फुलं चांगली होती, पण बाई कामावर कधी येता, असा निरोप काही त्यांच्याबरोबर नव्हता. तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

मी कंपनीचे कपडे शिवते. राजांचे झगे, शिपायांच्या विजारी, भुताला लागतात ती पांढरी कापडं. शिवणखोली रंगमंचाच्या वर, लोखंडी गोल जिन्याने जायचं. चाकाची खुर्ची गोल जिना चढत नाही हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

जखम भरली तसा मॅनेजर घरी आला. चहा प्यायला, दोन बिस्किटं खाल्ली आणि म्हणाला, "बाई, तुमचा जंगी सत्कार करायचाय."

"कशाबद्दल?"

"इतकी वर्षं राबलात. आता आराम करा."

"पाय गेलाय, हात नाही. आणि मशीन मोटरवर चालते."

"ते खरं हो. पण जिना..."

"म्हणजे सत्कार नाही, बोळवण."

तो हसला. दुसऱ्याची बिस्किटं तोंडात असताना माणूस हसतो तसा.

सत्कार रंगमंचावर व्हायचा होता आणि प्रेक्षकांच्या बाजूने तिथे चढायला नुसत्या पायऱ्या. म्हणून उतार करायचं काम माझ्या दिराला दिलं. दीर कंपनीचा सुतार. त्याचा किल्ला समोरून असा दिसतो की तोफ डागावीशी वाटते. मागून पाहिलं तर दोन फळ्या आणि चार खिळे.

सत्काराच्या दिवशी सकाळी त्याने मला पहिल्या रांगेपाशी नेलं. "वहिनी, इथून बघा. नाही, जरा डावीकडे. आता!"

पांढराशुभ्र उतार, दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या वेली.

"भाऊजी, मला तो बघायचा नाही, चढायचाय."

"चढाल हो. आधी संगमरवराच्या शिरा तरी बघा. दोन दिवस रंगवत होतो."

"असं करा, आधी तुम्ही चढा. माझ्या खुर्चीतून."

मी सरकून रांगेतल्या सीटवर बसले, दीर माझ्या खुर्चीत बसला. ढकलायला त्याची बायको, म्हणजे माझी जाऊ. ती माझ्या हाताखाली काजं-बटणं करते.

"लग्न झाल्यापासून ढकलतेच आहे ह्यांना," ती म्हणाली आणि जोर लावला.

निम्म्यावर संगमरवर कर्रर्र वाजला. पुढची चाकं शिरांसकट आत गेली आणि दीर वेलींत तोंड घालून अडकला.

"खाली काय आहे हो?" मी विचारलं.

"कॅनव्हास," वेलींमधून उत्तर आलं. "वर पातळ प्लाय. माणसं समोरून बघतात ना, वहिनी!"

जन्मभर बघण्यासाठीच बांधत आला होता. ह्यावर कुणी खरंच चढणार, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

आवाज ऐकून मॅनेजर धावत आला. आधी उताराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे. "घाबरू नका. चार जणांना बोलावतो. खुर्चीसकट उचलतील."

"मी काय सोफा आहे?"

"छे हो, सन्मानाने उचलतील."

"चौघं मिळून सन्मानाने उचलतात ते प्रेताला. मी अजून दोन वेळा जेवते."

नवऱ्याच्या केसातली प्लास्टिकची पानं काढत जाऊ म्हणाली, "आणि सोफा तरी कोण उचलतं? तो मागच्या दाराने चाकांवर येतो."

खरंच की. थिएटरच्या मागे मोठं दार आहे. ट्रकमधून सेट उतरवतात, आणि तिथून थेट रंगमंचापर्यंत सिमेंटचा उतार आहे. सिंहासन रोज त्यावरून खडखडत जातं. राजाचे दोन्ही पाय धड, तरी चाकं त्याला.

मॅनेजर कुरकुरला. "सत्कारमूर्तीला त्या दाराने? तिथे कचऱ्याचा डबा आहे."

"डब्याशी माझं काही भांडण नाही. किल्ली आणा."

आत शिरताच उजव्या हाताला सिंहासनांची खोली लागते. मी जावेला थांबायला सांगितलं. सपाट जमीन, भिंतीत प्लग आणि मोठी खिडकी. उजेड असा की काळ्या कापडावर काळा दोरा दिसावा. तिथे कोण बसलेलं? धूळ खात चार जुनी सिंहासनं.

कार्यक्रमात मॅनेजर माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलला की मी मेले की काय असं वाटावं. "बाई आज निवृत्त होत आहेत," म्हणून त्याने माईक माझ्या हातात दिला.

"मी निवृत्त होत नाहीये," मी म्हणाले. "उद्यापासून मी खाली सिंहासनांच्या खोलीत शिवेन. सिंहासनं वर शिवणखोलीत न्या. त्यांना काय, कुठेही बसवा."

मॅनेजरचा हात माईककडे यायला लागला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आमचा मुख्य नट उठला. गेली कित्येक वर्षं तो राजाच होतो, त्यामुळे बोलतोही तसाच.

"खोली द्या त्यांना! तिसऱ्या अंकात माझी विजार उसवते. चार महिने मी सेफ्टी पिनांवर राज्य चालवतोय!"

टाळ्या आणि हशा एकदमच आला. मॅनेजरलाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "हे बरं नाही केलंत."

"मला काय सांगता, विजारीला सांगा."

खोली मिळाली. मशीन आली, जाऊ आली, चहा आला. दोन कप झाल्यावर कळलं, संडासाचं दार माझ्या खुर्चीपेक्षा अरुंद आहे. मी मॅनेजरला बोलावलं.

"आता तेही?" त्याने कपाळाला हात लावला.

"साहेब, सत्काराला तासभर धरून ठेवता येतं. नोकरीला नाही."

मॅनेजर लाजून लाल झाला, पण त्याच दिवशी चौकट फोडायला घेतली. काम संपेपर्यंत मी समोरच्या बँकेत जात होते. तिथल्या शिपायाला वाटायचं, बाईंचं मोठं खातं असणार.

मग रुंद दार बसलं. मी आत गेले, खुर्ची वळवली, कडी लावली. कुणी ढकलायला नाही, कुणी बाहेर राखण करायला नाही.

लगेच बाहेर मॅनेजरची हाक, "बाई! राणीची बाही निघाली! आहात कुठे?"

"कामावर!" मी आतून ओरडले. "थांबा जरा."