तोंडात दोरा असताना

भुवया कोरताना दोऱ्याचं एक टोक दातांत धरावं लागतं. त्यामुळे गिऱ्हाईक वाट्टेल ते बोलतं आणि मी गप्प. लोकांना वाटतं, पार्लरवाली आपल्याच मताची.

त्या दुपारी खुर्चीत बँकेतल्या मॅडम होत्या. दोन्ही हातांनी पापणी ताणून धरलेली, तोंड मात्र मोकळं. "चौकीत कुणा पोराला मारलं म्हणे. म्हणून या सगळ्यांनी रस्ता अडवायचा? ना अभ्यास, ना काम. घरचे झोपलेत का यांचे?"

घरची मीच. माझी लेक सकाळीच त्या मोर्चात गेलेली आणि तासाभरापासून तिचा फोन लागत नव्हता. मी "हं" केलं. दोऱ्यातून दुसरं काय निघणार?

एक भुवई झाली आणि बाहेर पळापळ सुरू झाली. शटरं धडाधड खाली आली. काचेचं दार ढकलून लेक आत घुसली. एकाच पायात चप्पल, बाही फाटलेली.

"आई, लाठ्या चालवतायत!"

माझ्या दातांतला दोरा सुटला. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग उठल्या, तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतःच्या गळ्यातलं कापड तिच्या गळ्यात अडकवलं. तोवर दारात शिपाई.

"आत्ता एक मुलगी आत आली?"

"मुलीच येतात इथे. बायकांचं पार्लर आहे." मॅडम दारात आडव्या. एक भुवई कमान, दुसरी झुडूप. "आत यायचं तर आधी साहेबांना बोलवा. बाई पोलीसही आणा."

शिपाई त्यांच्या भुवयांकडे बघतच राहिला. मग गेला.

मी लेकीचे खांदे, कोपरं, मनगटं चाचपली. सगळं जागच्या जागी. तेव्हा कुठे जीवात जीव आला.

"काय ओरडत होतात गं?" मॅडमनी विचारलं.

"मारू नका, एवढंच."

"एवढंच?" त्यांनी तिच्या अनवाणी पायाकडे पाहिलं. "तरी रस्ता अडवायला नको होता. सकाळी माझी बस चुकली."

"सॉरी, मावशी."

"मावशी कुणाला म्हणतेस?" असं म्हणत त्या पर्समधली पिन काढून तिची बाही टाचायला लागल्या.

"आई, भूक लागलीये."

मी डबा काढला. झाकण घट्ट बसलेलं, उघडेना. मॅडमनी उघडून दिलं. लेक खुर्चीतून उठून उभ्याउभ्याच खायला लागली, आणि कधी नव्हे ते मी "बसून खा" म्हटलं नाही.