भावी शाळेची जागा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे आणि सध्या मी चिडलेली आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी गोड बोलावे, मुलांना चार उपदेश करावेत आणि गप्प बसावे, अशी रीत आहे म्हणे. पण सत्तावीस हिवाळे एकाच जागी, एकच वाक्य छातीवर घेऊन उभे राहून बघा. कोणाचाही स्वभाव तिरसट होईल. माझ्या छातीवरचे वाक्य असे आहे: 'भावी शाळेची जागा'. माझ्या मागे भले मोठे मैदान आहे. शाळा नाही.

माझा जन्म कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या एका शहराच्या पालिकेच्या कारखान्यात झाला. वॉल्टर नावाच्या कारागिराने मला पांढरा रंग दिला, निळी अक्षरे चिकटवली आणि दोन जाड खांबांवर ठोकले. त्याच आठवड्यात त्याने 'रस्ता बंद' आणि 'कुत्र्याची घाण उचला' अशाही पाट्या केल्या होत्या. त्यांच्या शेजारी वाळत असताना मला जरा मोठेपणाच वाटला. कुठे कुत्र्याची घाण आणि कुठे शाळा! वॉल्टर मात्र म्हणाला, "ही चार-पाच वर्षांची पाहुणी. शाळा उभी राहिली की हिचं काम संपलं." मला त्याचे वाईट वाटले नाही. काम संपावे म्हणूनच तर मला केले होते.

त्यांनी मला टॅमरॅक रिजमध्ये आणून रोवले. शहराच्या दक्षिण टोकाला ही नवी वसाहत उठत होती. आदल्या वर्षीपर्यंत तिथे मोहरीसारख्या पिवळ्या कॅनोलाची शेते होती. आराखडा मोठा देखणा होता. मधोमध शाळा आणि चहूकडच्या घरांतून तिच्याकडे येणाऱ्या पायवाटा. घरे झाली, पायवाटाही झाल्या. त्यामुळे आजही टॅमरॅक रिजमधली प्रत्येक पायवाट वळणे घेत घेत येते आणि माझ्यापाशी येऊन संपते. नवखी माणसे इथवर येतात, मला वाचतात आणि आल्या वाटेने परत जातात.

त्या दिवसांत सगळे मोठ्या आशेने बोलत. पंचवीस वर्षांत शहर दुप्पट होणार, जगभरातून माणसे येणार, रेल्वे इथवर येणार, वाचनालय होणार. माणसे खरोखरच आली. मनिलाहून आली, लुधियान्याहून आली, मोगादिशूहून आली, न्यूफाउंडलंडच्या मासेमारीच्या गावांतूनही आली. दिलेला शब्द पाळला तो फक्त माणसांनी. बाकी सगळी बोलाचीच कढी!

घरे विकणारा गॉर्डन नावाचा एक हसरा माणूस होता. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वयंपाकघर दाखवण्याआधी माझ्यापुढे आणून उभे करी. असाच एकदा तो मॅरिविक डुमलाव आणि तिचा नवरा रॉडेल यांना घेऊन आला. मॅरिविकच्या कडेवर एका वर्षाची ट्रिशा होती.

"घर नंतर बघा, आधी हे बघा," गॉर्डन म्हणाला. "पोरगी दप्तर घेऊन निघाली की तुम्ही हातात कॉफी घेऊन खिडकीत उभ्या राहा. थेट वर्गात शिरेपर्यंत दिसेल."

मॅरिविकने मला मोठ्याने वाचले. मग ती नवऱ्याला म्हणाली, "लहानपणी मी तासभर चिखल तुडवत शाळेत जायचे. हिला दोन मिनिटं लागतील, रॉडेल. दोन मिनिटं!"

त्यांनी माझ्या समोरचेच घर घेतले. स्वयंपाकघर लहान होते, तळघर दमट होते, तरी घेतले. केवळ माझ्यामुळे घेतले. मित्रांनो, मी तिच्याशी खोटे बोलत होते, हे तेव्हा मलाच ठाऊक नव्हते.

ट्रिशा पाच वर्षांची झाली, तेव्हा माझ्या मागे फक्त गवत होते. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पिवळी बस येई आणि तिला पन्नास मिनिटांवरच्या शाळेत घेऊन जाई. त्यात आमच्याकडे एक अजब नियम. थंडी फारच वाढली की बस बंद राहते, शाळा मात्र चालू! वृद्धाश्रमात रात्रपाळी करून आलेली मॅरिविक अशा दिवशी डोळे चोळत पुन्हा गाडी काढी. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना ती माझ्याकडे बघे. त्या नजरेची मला फार लाज वाटे.

ती गप्प बसणारी नव्हती. तिने दारोदार फिरून सह्या गोळा केल्या, शिक्षण मंडळाला पत्रे लिहिली. 'आपली वसाहत नव्या शाळांच्या यादीत आहे,' एवढेच उत्तर येई. दर निवडणुकीला कोणी ना कोणी कोट घालून माझ्याशेजारी उभे राही, फोटो काढी आणि गाजर दाखवून जाई. माझे इतके फोटो निघाले की मी एखादी नटी असते, तर आता निवृत्त झाले असते.

मग शेजारचा डेनिस ह्रिनिक पुढे झाला. रस्त्यावरचा बर्फ काढणारे अवजड यंत्र चालवण्यात त्याचा जन्म गेला होता. तो मॅरिविकला म्हणाला, "मैदान मोकळं दिसतंय, म्हणून त्यांना वाटतं इथे पोरंच नाहीत. आपण बर्फाची रिंक करू. सगळी पोरं इथे घसरायला आली की आंधळ्यालाही दिसतील."

नोव्हेंबरात तो रोज जेवण झाल्यावर रबरी नळी घेऊन यायचा आणि माझ्या मागच्या मैदानावर पाण्याचे थरावर थर गोठवायचा. स्केट घातलेली साठ-सत्तर मुले रोज संध्याकाळी तिथे धुमाकूळ घालू लागली. हॉकीची चकती माझ्या पायावर आपटे, तेव्हा मला दुखे आणि आनंदही होई. एकदाचा मंडळाचा साहेब पाहणीसाठी आला. केव्हा आला असेल? मंगळवारी सकाळी अकरा वाजता! सगळी मुले पन्नास मिनिटांवरच्या शाळेत बाके धरून बसलेली. साहेबाने वहीत टिपले, 'मैदानाचा वापर दिसत नाही', आणि हात चोळत तो गाडीत जाऊन बसला. मला तोंड असते, तर मी त्या दिवशी काय बोलले असते ते तुम्हा मुलांना सांगण्यासारखे नाही.

ट्रिशा बारा वर्षे त्या बसने गेली आणि शिक्षण पुरे करून बाहेर पडली. तिच्याबरोबरची मुलेही पांगली. आता पत्रातली भाषा बदलली. 'आपल्या वसाहतीत शाळेपुरती मुले उरलेली नाहीत.' मुले होती तेव्हा पैसे नव्हते, पैसे आले तेव्हा मुले नव्हती. मग शहर आणखी वाढले. तळघरांत भाडेकरू आले, एकेका घरात दोन-दोन कुटुंबे झाली आणि पुन्हा बाबागाड्या दिसू लागल्या. ट्रिशाही अठ्ठावीस वर्षांची होऊन आईच्या तळघरात राहायला परत आली. तिच्याबरोबर तिची चार वर्षांची मुलगी होती, अमिहान. ती मॅरिविकला लोला म्हणजे आजी म्हणे आणि मला चक्क 'शाळा' म्हणे. "मी शाळेला हात लावून येते," असे सांगून ती रस्ता ओलांडून धावत येई, माझ्या खांबाला हात लावी आणि परत पळे. तिला वर्षभरात शाळेत घालायचे होते.

आणि गेल्या उन्हाळ्यात ती बातमी आली. शाळा मंजूर होण्याच्या बेतात होती! मैदानाच्या कडेला चार मजली इमारत होणार होती, नव्या माणसांसाठी साठ घरांची. तिच्या शेजारी शाळा. फक्त रहिवाशांचे मत घ्यायचे बाकी होते. माझ्या खांबांत नवे बळ आले. पण आठ दिवसांत गल्लीतल्या हिरवळींवर लाल पाट्या उगवल्या, 'आमचे मैदान वाचवा'. त्यांतली एक मॅरिविकने स्वतःच्या हाताने आणून माझ्याच खांबाला ठोकली. मित्रांनो, तो खिळा मला अजून सलतो.

मत घेण्याचा कार्यक्रम सप्टेंबरातल्या एका गुरुवारी, संध्याकाळी पाच ते सात, माझ्याच शेजारी तंबू टाकून झाला. तिवयांवर रंगीत नकाशे होते, डोनट होते, कॉफी होती. प्रत्येकाने एक गोल टिकली घ्यायची आणि नकाशावर चिकटवायची. शाळा आणि घरे हवी असतील तर हिरवी, नको असतील तर लाल. पाच ते सात! ज्यांची मुले लहान आहेत ती माणसे तेव्हा पाळणाघराच्या दारात तरी असतात, नाहीतर कामावर. आली ती मुख्यतः पिकल्या केसांची मंडळी.

ऐंशीचा डेनिस काठी टेकत आला. त्याच्या रिंकवर शाळा उठणार, म्हणून तो लालच लावणार अशी सगळ्यांची खात्री होती. त्याने हिरवी लावली.

"अरे डेनिस, म्हातारचळ लागला का तुला? तुझीच रिंक जाईल ना!" मॅरिविक म्हणाली.

"रिंक मी शाळा यावी म्हणून केली होती, मॅरिविक. आणि शाळेसाठी दारोदार सह्या तूच गोळा करत होतीस, विसरलीस?"

"काही विसरले नाही." मॅरिविकचा आवाज चढला. "सत्तावीस वर्षं ही पाटी वाचतेय मी. आधी इमारत उठवतील, ती माझ्या खिडकीत डोकावेल, आणि शाळा? शाळा पुन्हा 'भावी'च राहील! एवढं मोकळं मैदान आहे, तेही जाईल. एकदा फसले, आता नाही फसायची." आणि तिने लाल टिकली अंगठ्याने दाबून दाबून चिकटवली.

तिला दोष देऊ तरी कसा? तिचा विश्वास मोडायला मीच तर कारण झाले होते.

ट्रिशा कामावरून धावतपळत आली, तेव्हा पावणेसात वाजले होते. अमिहान तिच्या हाताला लोंबकळत होती. टेबलामागची तरुण अधिकारी बाई नम्रपणे म्हणाली, "लाल टिकल्या संपल्या. हिरव्या हव्या तेवढ्या आहेत."

"मला एकच द्या," ट्रिशा म्हणाली. नकाशाकडे वळल्यावर तिने तो लाल सडा पाहिला, मग आईकडे पाहिले. "मा, तू पण?"

"तुझ्या भल्यासाठीच गं. तुला यांचं काही माहीत नाही."

"मला माहीत नाही? त्या बसमध्ये बारा वर्षं कोण बसलं होतं, तू की मी?"

 तेवढ्यात अमिहानने टेबलावरची एक टिकली उचलली. "मी लावू?" तिने विचारले. "या मोठ्या माणसांसाठी आहेत, बाळा," अधिकारी बाई म्हणाली. अमिहानने क्षणभर विचार केला, तंबूबाहेर आली आणि तिचा हात पोहोचला तिथे, माझ्या खांबावर, ती हिरवी टिकली लावली. सात वाजता बाईने नकाशांवरच्या टिकल्या मोजल्या. खांबावरची मोजली नाही.

नाताळाच्या आधी पत्र आले. रहिवाशांचे एकमत नसल्यामुळे टॅमरॅक रिजची शाळा यादीत खाली सरकवण्यात येत आहे. लाल पाट्यावाल्यांनी रिंकच्या कडेला शेकोटी करून गरम चॉकलेट वाटले. मॅरिविक गेली नाही. तिने आपली लाल पाटी माझ्या खांबावरून उपटली, पण बोटे गारठेपर्यंत ओढली तरी खिळा काही निघाला नाही.

मार्चमध्ये समोरच्या दारात सामानाची गाडी लागली. ट्रिशा निघाली होती. शहराच्या आणखी दक्षिणेला, जिथे परवापर्यंत शेते होती, तिथे नवी वसाहत होते आहे. तिथे तिने भाड्याने घर घेतले होते. अमिहानला गाडीत बसवल्यावर मॅरिविक लेकीचा हात धरून रस्त्यावर उभी राहिली.

"लांब आहे गं फार," ती म्हणाली. "पण असू दे. घराजवळ शाळा तरी आहे ना? बघून घेतलंस ना नीट?"

ट्रिशा मान वळवून माझ्याकडे बघू लागली. 

"शाळा नाही, मा," ती म्हणाली. "पाटी आहे."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तरी मॅरिविक तिथेच उभी होती. 

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे एकच मागणे मागतात: आम्हाला जपा, पुसा, रंग द्या. माझे मागणे उलटे आहे. तुमच्या गावात माझी एखादी बहीण उभी असेल, तर तिला रंग देऊ नका, तिच्याशेजारी फोटो काढू नका. तिच्याखालचे गवत वाढू लागले की मोठ्यांना विचारा, 'कधी?' उत्तर मिळेपर्यंत रोज विचारा. आणि एक दिवस फावडी घेऊन या आणि तिला मुळासकट उपटून टाका, कारण तिच्या जागी पाया खणायचा असेल. पाटीचे भले त्यातच आहे.