उंद्रीच्या मोटारीचा पोळा

मित्रांनो, मला पाहायचं तर आधी बॉनेट उघडावं लागतं. बाहेरून दिसते ती गाडी. तिच्या पोटात जो काळा, तेलकट, म्हातारा जीव बसला आहे तो मी. चिखलीजवळच्या उंद्री गावातल्या उकंडरावांच्या जुन्या फियाटचं मी इंजिन आहे. फोटो निघतात ते गाडीचे. माझं नाव निघतं ते मी बंद पडलो की!

माझं बालपण मला अर्धवट झोपेतल्यासारखं आठवतं. भट्टीतलं लालभडक पातळ लोखंड, साच्यातला अंधार, मग अंगभर फिरलेली घासणी. पहिला मालक शहरातला साहेब होता. त्याचं मन भरलं आणि त्यानं मला विकलं. उकंडराव तेव्हा ऐन उमेदीत होते. त्यांनी गाडी उंद्रीला आणली आणि आम्ही लग्नाची मोटर झालो.

ते दिवस काय सांगू! टपावर झेंडूच्या माळा, पुढे बँड, मागच्या सीटवर हुंदके देणारी नवरी. तिला धक्का बसू नये म्हणून मी हळू आवाजात गुणगुणत चालायचो. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, कुठलं गाव बाकी ठेवलं नाही. "उकंडरावची मोटर लोण्यावानी चालते," असं लोक म्हणायचे आणि मी आतल्या आत फुगायचो.

फक्त एक बाई कधी त्या सीटवर बसल्या नाहीत. त्या म्हणजे उकंडरावांच्या पत्नी, अंबूबाई. त्यांचं माहेर जानेफळ. गाडी घेतली तेव्हा उकंडरावांनी मेहुण्याला, वामनरावांना, शब्द दिला होता, "तुमच्या बहिणीले मोटारीत बसवून आणतो." पण अंबूबाईंना माहेरची ओढ लागायची उन्हाळ्यात आणि उन्हाळ्यातच लग्नसराई. दरवर्षी माझं बुकिंग झालेलं असायचं आणि त्या पिशवी उचलून एसटीनं जायच्या. कुरकुर कधी केली नाही. मीही नवऱ्या मिरवण्यात दंग होतो, मला त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं.

पुढे चकाचक नव्या गाड्या आल्या. आमची रवानगी टीनाच्या शेडमध्ये झाली. उंदरांनी वायरी कुरतडल्या, पिस्टन गंजून जागच्या जागी अडकले. मी झोपलो. झोपेत कुठे तरी बँड वाजायचा, झेंडूचा वास यायचा, वाटायचं निघायची वेळ झाली. जाग आली की वाऱ्यानं टीन वाजत असायचं.

यंदा वामनरावांचा फोन आला. ते अंथरुणाला खिळले होते. "अंबू, एकदा येऊन जाय वं," एवढंच म्हणाले. अंबूबाईंचे गुडघे आता एसटीच्या पायऱ्या चढू देत नाहीत. मुलगा हर्षल पुण्यात असतो, तो भाड्याची गाडी करून द्यायला तयार होता. त्या ऐकेनात.

"घरची मोटर असून लोकाच्या गाडीत माहेरी जाऊ? जाईन तं इच्यातच जाईन."

मी चालू झालो तर भावाची भेट, नाही तर नाही. उकंडरावांनी त्याच दिवशी शेडचं दार उघडलं.

त्यांचा पुतण्या सागर चिखलीला गॅरेज चालवतो. तो आला आणि दोघांनी मला पार खोललं. माझे पिस्टन ओट्यावर, व्हॉल्व्ह घमेल्यातल्या रॉकेलमध्ये, नटबोल्ट अंबूबाईंच्या पापडाच्या ताटात. संध्याकाळी अंबूबाई त्या सगळ्यावर आपलं जुनं लुगडं पसरायच्या. इतकी गोड झोप मला आयुष्यात लागली नव्हती. एक मन ओट्यावर, एक घमेल्यात, आणि सगळ्यांना स्वप्न एकच, जानेफळच्या रस्त्याचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा एकसंध झालो. फक्त पेट्रोल आणि हवा जिथं एक होतात तो माझा घसा, म्हणजे कार्बोरेटर, वरून उघडा होता. त्यावर फडकं टाकून सागर घरी गेला. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी मला चालू करून निघायचं ठरलं होतं.

त्या संध्याकाळी अंबूबाई माझ्यापाशी आल्या. घरात बैल राहिले नव्हते. बैलांना जसं आवतण देतात तसंच त्या मला म्हणाल्या, "आज आवतण घे, उद्या जेवाले ये." मित्रांनो, असं आवतण मला कोणी दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हळदकुंकू लावलं, फडकं बाजूला केलं आणि तुपात भिजवलेला पुरणपोळीचा घास माझ्या उघड्या घशात भरवला. वरून फडकं पुन्हा नीट टाकलं.

मी काय बोलणार? मला तर भरून आलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी उकंडरावांनी चष्मा न लावताच घाईघाईनं फडकं काढून वर हवेचा फिल्टर बसवला. किल्ली फिरली. मी खोकलो आणि गप्प झालो. पुन्हा फिरली, पुन्हा खोकलो. श्वासच येईना! तेवढ्यात आलेल्या सागरनं प्लग पाहिले, ठिणगी होती. पेट्रोल येत होतं. उन्हं वर आली तसा बॅटरीचाही जोर गेला. अंगणात अंबूबाईंची भरलेली पिशवी तशीच होती.

उकंडराव ओट्यावर बसले. "जन्मभर तुले एसटीत बसवलं. आता नेतो म्हटलं तं हे असं," ते म्हणाले. "उद्या भंगारवाल्याले बोलावतो."

अंबूबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या माझ्याकडे वळल्या. "काऊन रे रुसला? काल तं पोटभर जेवला."

"कोन जेवला?" उकंडरावांनी विचारलं.

"हाच. म्या घास भरवला ना. इतक्या वर्षांचा उपाशी होता बिचारा."

सागरच्या हातातला पाना खाली पडला. "काकू, कुठं भरवला?"

"तोंडात. आनखी कुठं भरवतात?"

फिल्टर निघाला. सागरनं घशात बोटं घालून पुरणाचा गोळा बाहेर काढला आणि हसत हसत खालीच बसला. उकंडराव इतके हसले की डोळे पुसावे लागले. अंबूबाई मात्र लाजून पदर तोंडाला लावून उभ्या. घसा पेट्रोलनं धुतला, सागरच्या गाडीच्या बॅटरीचा जोर मिळाला, आणि किल्ली फिरताच मी श्वास घेतला. भरभरून घेतला! तोच जुना गुणगुणता आवाज. उकंडरावांनी पुढचं दार उघडून धरलं आणि म्हणाले, "बसा."

अमडापूर मागे पडलं. दोन्हीकडे सोयाबीन हिरवंगार होतं. अंबूबाई काचेतून बघत होत्या. जानेफळला वामनरावांनी माझा आवाज खाटेवरूनच ऐकला आणि हाक मारली, "आली का वं मोटर?" भावजय पाणी आणि पुरणपोळी घेऊन बाहेर आल्या, मोटारीला नैवेद्य दाखवायला बॉनेटकडे निघाल्या. अंबूबाई घाईनं उतरल्या.

"वहिनी, त्याले नका देऊ! त्याच्या वाटचं मीच खातो."

मित्रांनो, जुन्या यंत्राला अंधारात टाकून विसरू नका. अधूनमधून फिरवा, तेलपाणी बघा, आणि प्रेम आलं तरी घशात गोड घालू नका. घरच्या माणसाची पाळीही शेवटी ठेवू नका, तेवढा वेळ सगळ्यांना मिळत नाही. मी कितीतरी मुलींना माहेराहून दूर नेलं. माहेरी नेलेली ही पहिलीच.