टाकीच्या झाकणाचे कुलूप

मी एक जुना डिझेल जनरेटर आहे, मित्रांनो, आणि चटकन कोणावर विश्वास टाकणे माझ्या स्वभावात नाही. ज्याच्या हातात पाना दिसतो, त्याच्याकडे मी आधी संशयानेच पाहतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी हिरवागार होतो. दोघा भावांनी मला आपल्या अंडी उबवण्याच्या केंद्रात आणले आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवले. वीज गेली की उबवणीची कपाटे गार पडू लागतात आणि पिल्ले अंड्यातच दगावतात. मी सुरू झालो की आतली ऊब टिकायची. थोरला भाऊ, ज्याला सगळे दादा म्हणत, पाहुण्यांना मुद्दाम मागे आणायचा आणि माझ्या पत्र्यावर कौतुकाने थाप मारायचा. माझी देखभाल धाकट्याकडे होती. ते दिवस आठवले की आजही बरे वाटते.

पुढे माझे वय झाले. धूर वाढला, डिझेलही जास्त लागू लागले. हा विकून नवा घेऊ, असे धाकटा जेवतानासुद्धा म्हणू लागला. ते कानावर आले आणि मी त्याच्या हातातल्या पान्यावर नजर ठेवू लागलो. दादाच्या मनात मात्र वेगळीच पाल चुकचुकली. डिझेल इतक्या लवकर संपते म्हणजे कोणीतरी काढून विकत असणार, असे त्याने ठरवून टाकले. लोहाराकडून त्याने माझ्या टाकीला जाडजूड झाकण करून आणले. खाली घट्ट रबर, वर कुलूप, आणि किल्ली स्वतःच्या खिशात.

तेव्हापासून मी दगा देऊ लागलो. थोडा वेळ नीट चालायचो, मग आवाज बसायचा, धाप लागायची आणि मी बंद पडायचो. धाकट्याने फिल्टर बदलला, नळीचे सांधे आवळले, हातपंप दाबून दाबून नळीत अडकलेली हवा काढली. टाकीत पाहायला तो दादाकडून कुलूप काढून घ्यायचा, तेव्हा मी अगदी गुणी मुलासारखा चालायचो. दादा कुलूप लावून गेला की थोड्या वेळाने पुन्हा तेच. दादा असला की चालतो आणि दादाची पाठ वळली की बसतो, याचा अर्थ दादाने आपल्या परीने लावला. मलाही धाकट्याचाच संशय येत होता. मला भंगारात घालायला टपलेला माणूस तो, दुसरे काय वाटणार?

एके दिवशी अंड्यांना चिरा पडू लागल्या होत्या, आतून चोची दिसत होत्या, आणि वीज गेली. मी सुरू झालो आणि नेहमीसारखा बसलो. दादा तावातावाने शेडमध्ये आला.

"नवा घ्यायचाय म्हणून तूच याला बंद पाडतोयस ना?" त्याने विचारले.

धाकट्याने पाना खाली ठेवला. "कुलूप काढ आणि इथंच बस, दादा. मी हातही लावत नाही."

डिझेल किती गेले ते मोजायला दादाने काठी घेतली. एरवी मी बसल्यावर बऱ्याच वेळाने टाकी उघडली जायची; आज लगेच कुलूप निघाले, पण झाकण हलेना. त्याने जोर लावून ते उचकटले, तेव्हा माझ्या टाकीने सुस्स करून एवढी हवा आत ओढली की दादाचा हात तिथेच थांबला. काठी बुडवली तर डिझेल भरपूर होते.

मग दादाने कोपऱ्यातले जुने झाकण उचलून पाहिले. त्याला बारीक भोक होते. डिझेल खाली जाईल तशी तिथून हवा आत यायची. नव्या झाकणाने ती वाट बंद केली होती, मग डिझेल पुढे सरकणार कसे? दादाने नवे झाकण बाजूला टाकले. त्याने स्वतः हातपंप दाबला आणि मला सुरू केले. वीज येईपर्यंत मी उघड्या टाकीने चाललो. एका कपाटातली पिल्ले तेवढी गेली, बाकीची वाचली.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांना साफ फिल्टर हवा, चांगले डिझेल हवे, आणि झाकणाचे भोक मोकळे हवे. एवढे सांभाळा, म्हणजे आम्ही म्हातारपणीही तुमच्या उपयोगी पडू.

माझ्या टाकीला आता जुनेच झाकण आहे, कुलूप नाही. तरी धाकटा डिझेल ओतण्याआधी दर वेळी दाराशी जाऊन हाक मारतो, "दादा, टाकी उघडतोय, बघायला ये." आणि दादा खाली मान घालून येतो.