आभाराचं पान

"ममा उत्तरा, ते पान तुम्ही काढलं होतं ना?"

मुकेंदी दारातच उभा होता. बूट पायात, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. एरवी हा तिशीचा गडी घरात शिरायचा तो आधी हसू शिरायचं, मग तो. आज त्याच्यासोबत नोव्हेंबरचा वारा तेवढा आत आला.

"कुठलं पान रे?" उत्तरानं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं, कुठलं ते.

"आभाराचं. स्कॉलरशिप ऑफिसला गेलेल्या कॉपीतलं. तिकडे आमच्या देशात नगालुलाबाईंना पकडून नेलंय. भर वर्गातून, मुलांसमोर. तीन आठवडे झाले. कुठे ठेवलंय, कुणी सांगत नाही."

उत्तरा अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करून द्यायची. नवरा चंद्रशेखर युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत, आणि ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर इलेक्ट्रिक टाइपरायटर मांडून बसलेली. अकरा वर्षं हेच. मक्यावरची कीड, पुलांच्या कमानी, गाईंची पचनशक्ती, सगळं तिच्या बोटांखालून गेलं. विषय कळायचा नाही, पण समास कळायचा. डावीकडे दीड इंच, उरलेल्या तिन्ही बाजूंना एक. युनिव्हर्सिटीतली बाई पट्टी लावून मोजायची, आणि उत्तराचं पान आजवर कधी परत आलं नव्हतं. या देशातला तिचा मान म्हणजे एवढाच.

मुकेंदीचा प्रबंध मात्र तिला कळला. त्याच्या झाईर देशातल्या शाळामास्तरांवर होता तो. जमिनीखाली तांबंच तांबं, आणि वर पोरांच्या हातात पाटी नाही. बेल्जियमचे गोरे गेले, आपले आले, पण तांबं जिथे जायचं तिथेच जात राहिलं. मास्तरांना महिनोन्महिने पगार नाही. मुलं घरून कंदाचं पीठ आणतात, त्यावर मास्तरांची चूल पेटते. मधेच राष्ट्राध्यक्षांच्या मनात आलं आणि हुकूम निघाला, ख्रिस्ती नावं बंद.

"माझं नाव ऑगस्टिन होतं, ममा," मुकेंदी एकदा पोहे खाता खाता म्हणाला होता. "शनिवारी झोपलो तेव्हा होतं. सोमवारी शाळेत गेलो तर ऑगस्टिन वारला होता. रडायलाही कुणी नाही!"

तेव्हा दोघं पोट धरून हसली होती.

प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं पान होतं. ज्यांनी खरं काय ते त्याला सांगितलं, त्या सात मास्तरांची नावं त्यावर होती. सगळ्यांत वर नगालुलाबाई. त्यांनीच त्याला पहिलं अक्षर शिकवलेलं.

"इथल्या कॉप्यांत राहू द्या," मुकेंदी बजावून गेला होता, "पण स्कॉलरशिपवाली आमच्या सरकारच्या हातात पडणार. तिच्यातून हे पान काढा. प्लीज, विसरू नका."

उत्तरा विसरली नव्हती. विसरली असती तर बरं झालं असतं.

तिनं पान काढलं होतं. मग गठ्ठा चाळला, तर तिसऱ्या पानानंतर एकदम पाचवं. हसऱ्या तोंडातला पुढचाच दात पडावा तसं. हे असं आपल्या हातून जायचं? शिवाय मनात आईची जात्यावरची ओवी घुमायला लागली:

जात्याला बाई दाणा, ओवीला बाई नाव
नावावाचून कसा कळे, कुणाचा कोणता गाव

इथल्या लायब्ररीत कोण उघडणार आहे हे पुस्तक? त्या माणसांच्या देशात जाणारी प्रत हीच एक, आणि नेमकी तिच्यातच त्यांची नावं नकोत? उद्या बाईंच्या हाती पडली तर बाई काय म्हणतील? पोरगा उगाच घाबरतो. तिनं पान परत जागेवर घातलं, सुतळी बांधली आणि स्वतः पोस्टात देऊन आली.

आता चंद्रशेखर पेपर खाली न करता मराठीत म्हणाला, "हो म्हण. खरं सांगून ती बाई सुटणार आहे का?"

"अहो, पण..."

"हो म्हण म्हणतो ना. विषय संपव."

"हो," उत्तरा इंग्रजीत म्हणाली. "काढलं होतं."

मुकेंदीनं डोळे मिटले. "मग काबाँगोनंच चुगली केली. माझा मावसभाऊ. बाई मला काय बोलल्या, ते त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आजच घरी पत्र टाकतो. त्याला दारात उभं करू नका म्हणावं. आमच्याकडे असल्या माणसाचं काय करतात, तुम्हाला नाही कळायचं, ममा."

तो गेला. जिन्यावर बूट वाजत खाली उतरले.

"चहा टाक," चंद्रशेखर म्हणाला.

उत्तरानं गॅस पेटवला. आधण ठेवलं. त्या काबाँगोचं तोंडही तिनं कधी पाहिलं नव्हतं. आधणाला पहिला बुडबुडा आला आणि तिनं गॅस बंद केला. स्वेटर नाही, कोट नाही, पायात घरातल्या सपाता. तशीच ती धावत सुटली.

कॅम्पसच्या बसचा थांबा कोपऱ्यावर होता. मुकेंदी एकटाच उभा होता.

"मुकेंदी, काबाँगो नाही रे. मी. मी पान ठेवलं. चुकून नाही, मुद्दाम ठेवलं." तिला धाप लागली होती. "मला वाटलं, बाई बघतील. आपलं नाव छापलेलं बघून त्यांना आवडेल."

तो रागवेल, ओरडेल, म्हणून ती अंग चोरून उभी होती.

"आवडलं असतं त्यांना," मुकेंदी म्हणाला.

बस आली. तो चढला. खिडकीशी बसला, पण पलीकडच्या खिडकीशी.

उत्तरा तिथेच उभी राहिली. वीस मिनिटांनी दुसरी बस आली. ड्रायव्हरनं दार उघडलं. सपातांतल्या त्या बाईकडे, उघड्या दंडांकडे बघत त्यानं विचारलं, "यायचंय का, मॅडम?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. तरीही त्यानं दार काही वेळ उघडंच ठेवलं.